सासूबाईंचे साडेआठ लाख

ट्रक चारला येणार होता. यंत्र चालू असलं तर ट्रकमध्ये चढेल, बंद असलं तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर, असं थोरल्याने सकाळीच जाहीर केलं आणि तो वरच्या मजल्यावर कपाटं सोडवायला निघून गेला. शाळेत पर्यवेक्षक झाल्यापासून त्याचं साधं बोलणंही सूचनाफलकावर टाचणीने टोचल्यासारखं यायचं.

"माझं मत भंगाराला," आत्या म्हणाली. आप्पांची ही बहीण कापडाच्या गठ्ठ्यावर बसली होती, कारण खुर्च्या बांधून झाल्या होत्या. "थोरल्याच्या नव्या घरात भिंतीपलीकडे लोक राहतात. हा धडधडाट कोण ऐकून घेणार?"

"मत कुणी मागितलंय, आत्या?" आप्पांची धाकटी मुलगी म्हणाली.

"मागेपर्यंत थांबले असते तर माझं लग्नसुद्धा झालं नसतं."

धाकटीने हसत यंत्राच्या पाठच्या उंच पेटीची काच अलगद वर सरकवून बाहेर काढली. काचेवर पाणबुड्याच्या वेशातली एक बाई होती. पायांचा रंग उडाल्यामुळे ती अलीकडे गुडघ्यांपासूनच सुरू व्हायची. खालच्या या हॉलमध्ये एके काळी अशी पिनबॉलची, काचेखाली चेंडू उडवून गुण मिळवायची यंत्रं ओळीने उभी असायची. आप्पा ती लोकांना खेळायला द्यायचे आणि बिघडली की स्वतःच उघडून बसायचे. एकेक करून सगळी गेली. हे राहिलं, कारण हे आईचं होतं. आता हॉलमध्ये वहिनीचं शिवणकाम चालायचं, आणि यंत्राच्या वरच्या सपाट काचेवर ती गेली कित्येक वर्षं ब्लाउज बेतत होती.

धाकटी लिफ्टचे बोर्ड दुरुस्त करायची. आत माणसं अडकलेली आहेत, बाहेर त्यांचे नातेवाईक सल्ले देताहेत, आणि आपण शांतपणे तार शोधतोय, याची तिला इतकी सवय होती की सल्ले थांबले की तिचंच लक्ष उडायचं.

"हा दिवा बघ, आत्या." पेटीतल्या बोर्डाच्या कोपऱ्यात तांदळाएवढा लाल दिवा होता. "वीज दिली की बोर्ड आधी स्वतःला तपासतो. एकेक भाग ठीक निघाला की दिवा एकदा लुकलुकतो. सात वेळा लुकलुकला की तब्येत उत्तम."

तिने बटण दाबलं. दिवा लागला आणि लागूनच राहिला. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडकलेल्या उमेदवारासारखा टक लावून बघत.

"म्हणजे मेला," आत्या म्हणाली.

"म्हणजे जागाच झाला नाही. फरक आहे."

फरक कुठे आहे ते तिला बोर्ड बाहेर काढायच्या आधीच दिसलं होतं. डाव्या बाजूला अंगठ्याएवढी बॅटरी, आणि तिच्याभोवती हिरवट पांढरा खार फुटलेला. यंत्र बंद असताना गुणांचा सगळ्यात मोठा आकडा लक्षात राहावा म्हणून ही बॅटरी. तो आकडा आईचा होता. आई गेली त्या वर्षापासून धाकटी दर खेपेला म्हणायची, आप्पा, ही बॅटरी पाझरते, काढू द्या, एक दिवस बोर्ड खाईल. आणि आप्पा दर खेपेला म्हणायचे, हात लावायचा नाही, आकडा जाईल. बाकी कुठलाही शहाणा माणूस बॅटरी काढून मोकळा झाला असता. या घराने ती जपली आणि तिने निवांतपणे बोर्ड खाल्ला.

तिने बोर्ड सोडवला, कापायच्या टेबलावर घेतला आणि मल्टिमीटरची टोकं लावत चालली. जिथे तांब्याची रेघ शाबूत तिथे मीटर पिप् म्हणायचा, जिथे तुटली तिथे गप्प. खार सरकत सरकत बोर्डाला जागं करणाऱ्या भागापर्यंत पोचला होता. एक ट्रान्झिस्टर गेलेला, एका चिपचं सॉकेट काळं पडलेलं. हे ताजं होतं, यंत्र बंद पडलं त्या गेल्या आठवड्यातलं. यात काही अवघड नव्हतं.

मग, केवळ सवय म्हणून, तिने एक टोक बॅटरीवर ठेवलं आणि दुसरं आकडा धरून ठेवणाऱ्या चिपवर.

मीटर गप्प.

तिने भिंग घेतलं. मधली रेघ नखभर गायबच होती. तुटल्या जागी धूळ बसलेली, धुळीवर कापडाचा तंतू चिकटलेला, तंतूवर पुन्हा खार चढलेला. हे आठवड्याचं नव्हतं, वर्षांचं होतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं रात्री शटर ओढलं, वीज बंद झाली, की या यंत्राला आईचं काहीही आठवत नव्हतं.

आणि रोज सकाळी आकडा तिथे होता.

"काय झालं? अशी का बसलीस?" आत्याने विचारलं.

"काही नाही. वहिनी, यंत्राच्या पुढच्या छोट्या दाराची किल्ली कुठंय हो?"

*

वहिनी शिवणयंत्र जुन्या चादरीत गुंडाळत होती. प्रश्न कानावर आला आणि तिच्या हाताने, तिला न विचारताच, बॉबिनचा डबा उघडला, तळाशी बोट घातलं आणि किल्ली पुढे केली. हात अर्ध्या वाटेत असतानाच तिला कळलं की काय झालंय. पण आता मागे घेणं म्हणजे अजूनच हसं.

धाकटीने किल्लीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. लहानपणीही ही अशीच. बाकीची भावंडं ओरडून भांडायची आणि ही नुसती बघायची.

"आत्या, वरून जरा हेअर ड्रायर आणतेस? बोर्ड धुतला की वाळवायला लागेल."

"मला घालवायचं असेल तर सरळ सांग," आत्या म्हणाली, पण गेली.

"आतली रेघ जुनीच तुटलीये, वहिनी. बॅटरी चिपपर्यंत पोचतच नव्हती."

"मला त्यातलं काय कळतंय, वन्सं."

"आणि किल्ली बॉबिनच्या डब्यात."

वहिनीने चादरीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. सासूबाईंनी तिच्या एकाही शिवणीला कधी सरळ म्हटलं नव्हतं. भाजी चिरण्यापासून दार लावण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांना सुधारणा सुचायची. शिकवली फक्त एकच गोष्ट, आणि तीही न ओरडता: हे छोटं दार उघडायचं, आत लाल बटण आहे, ते ठरावीक वेळा दाबलं की सगळ्यात मोठा आकडा समोर येतो, मग बाहेरचं बटण दाबून धरलं की तो चढतो. बाकीचे विसरतील, तू ध्यानात ठेव, म्हणाल्या होत्या. कशासाठी ते सांगितलं नाही. कौतुक करायचं असलं की त्या असंच काहीतरी अवघड काम द्यायच्या, हे समजायला वहिनीला फार उशीर झाला.

"त्या गेल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी," ती म्हणाली, "सकाळी मी वीज लावली आणि समोर नुसती शून्यं. आप्पा जिन्यात होते. चपलांचा आवाज येत होता. ते कप घेऊन उतरतात, आधी तिकडे बघतात, मग माझ्याकडे बघून 'काय सूनबाई' म्हणतात. शून्य बघून काय म्हणाले असते ते मला ऐकायचं नव्हतं. एवढंच."

"मग रोज?"

"रोज. हे शटर उचलून देतात आणि शाळेत जातात. त्यांची स्कूटर वळली की मी दार उघडायची. केर काढायच्या आधी."

"पण साडेआठ लाख का?"

"नेमका आकडा आठवेना. साडेआठच्या जरा खाली होता. आणि बटणाने दहा-दहा हजारच चढतात. खाली धरायचं की वर?" वहिनी पहिल्यांदा हसली. "खाली धरलं असतं तर स्वप्नात येऊन भांडल्या असत्या."

धाकटीलाही हसू फुटलं, आणि मग डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं तिने भिंग पुसलं.

"मला बॅटरी काढावी लागेल, वहिनी. ती ठेवून केलेली दुरुस्ती सहा महिनेही टिकायची नाही, आणि मी तसलं काम करत नाही. आप्पा आकड्यासाठी नको म्हणणार. आकडा तर नाहीच आहे. एवढं सांगितलं की प्रश्न मिटतो."

"ते सोडून काहीही सांगा." वहिनीचा आवाज एकदम कोरडा झाला. "आज ते हे घर सोडताहेत. त्यातून आणखी हे काढून घ्यायचं?"

"मग यंत्र भंगारात जाईल."

"तुम्ही लिफ्टमधून माणसं काढता. हेही काढा."

*

आप्पा कप हातात घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. चौघेही खाली होते: थोरला घड्याळ बघत, आत्या ड्रायर पोटाशी धरून, धाकटी टेबलाशी, सूनबाई खिडकीशी. इतकी माणसं अशी गप्प उभी असली की आपल्याबद्दल काहीतरी ठरलंय हे त्यांना या वयात बरोबर कळायचं.

"दोन वाजून गेले," थोरला म्हणाला. "होणार आहे की नाही ते सांगा. नसेल तर मी हातगाडीवाल्याला बोलावतो."

"तासाभरात होईल," धाकटी म्हणाली. "आप्पांनी बॅटरी काढू दिली तर."

"नाही," आप्पा म्हणाले.

"आप्पा, तिनेच सगळं खाल्लंय. हे बघा तरी."

"बघितलंय. माझे डोळे गेलेत, अक्कल नाही. हात लावायचा नाही."

"तुमचं बरोबर आहे, आप्पा," आत्या ठसक्यात म्हणाली. "उगाच छेडछाड कशाला? जाऊ दे भंगारात, आकड्यासकट."

"तू गप्प बस. त्या आकड्याने तुझ्या पोटात अजून दुखतं."

"मी त्या आकड्याकडे बघतसुद्धा नाही," आत्या म्हणाली. ते खरं होतं. कित्येक वर्षांत तिने त्या काचेकडे मान वळवली नव्हती.

थोरल्याने सुस्कारा सोडला. "आप्पा, एका आकड्यासाठी सगळं यंत्र घालवायचं? आईलासुद्धा हे पटलं नसतं."

आणि आप्पांना वाटलं, आता बोलून टाकावं. निघायच्या दिवशी माणसाने हलकं व्हावं.

"तो आकडा तिचा नाही," ते म्हणाले. "मला माहीत आहे."

आप्पा कठड्याला टेकले.

"तिचे आठ लाख शेहेचाळीस हजार सातशे तीस होते. मी शेजारी उभा होतो. एक दिवस उतरलो तर साडेआठ लाख, पुढे नुसती शून्यं. माणूस असा गोळाबेरीज करून खेळत नाही. म्हटलं, बॅटरी संपली, आणि कुणीतरी हळूच भरून ठेवलंय." ते थोरल्याकडे वळले. "बोललो नाही कधी. तू शटर उचलायचास, दोन मिनिटं आत जायचास. मला वरून ऐकू यायचं. मी मुद्दाम सावकाश उतरायचो, तुला वेळ मिळावा म्हणून."

थोरल्याने घड्याळाचा हात खाली घेतला.

"हिने नवी बॅटरी बसवली की आकडा आपोआप राहील. मग तू रोज आत कशाला येशील? म्हणून नको म्हणत होतो. आणि तुझ्याकडे राहायला येतो म्हणालो तेही त्याचसाठी. घर सोडायची माझी बिलकूल इच्छा नव्हती. पण जो पोरगा आईसाठी एवढं करतो आणि चारचौघांत एका शब्दाने बोलत नाही, त्याच्याकडे जायला हरकत नाही, म्हटलं."

खिडकीपाशी वहिनी नवऱ्याकडे बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हा माणूस आता काय करेल ते तिला सांगता आलं नसतं. नुसतं गप्प राहिला तरी पुरे होतं. म्हातारा खूश, ट्रक वेळेवर, सगळं सुरळीत. तिने तर मनातल्या मनात ते श्रेय देऊनही टाकलं होतं त्याला.

थोरल्याने चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"मी दोन मिनिटं आत हेल्मेट घ्यायला जायचो, आप्पा," तो म्हणाला. "ते आतल्या खुंटीला असायचं. त्या दाराची किल्ली कुठे असते तेसुद्धा मला माहीत नाही."

मग तो सावकाश बायकोकडे वळला. त्याच्यामागून आत्या, आणि सगळ्यात शेवटी आप्पा. धाकटी बोर्डाकडे बघत राहिली, कारण कुणीतरी तिकडे न बघणं गरजेचं होतं.

"केर काढायच्या आधी," वहिनी म्हणाली. दुसरं काही सुचेना. "म्हणजे राहून जायला नको."

आप्पा शेवटची पायरी उतरले. कप तिच्या हातात दिला, जसा रोज द्यायचे.

"आणि तिने तुला एक दिवस सुखाने शिवू दिलं नाही."

"ते वेगळं," वहिनी म्हणाली. "ते आमचं आमचं होतं."

"थांबा, थांबा," आत्या म्हणाली. "हिने साडेआठ लाख भरले? पूर्ण?"

"हो, आत्याबाई."

"मी तीस गुणांनी हरले होते. तीस. अख्खा जन्म मी तीस गुणांवर काढला. आणि तुम्ही तिला वरचे तीन हजार नुसते वाटलेत?"

"तीन हजार दोनशे सत्तर," थोरला म्हणाला. राहवलं नाही त्याला.

पहिले आप्पा हसले. खोकला येईपर्यंत हसले, आणि खोकता खोकताच धाकटीला हाताने खूण केली. काढ.

*

धाकटीने बॅटरीचे पाय कापले आणि ती थोरल्याच्या तळहातावर ठेवली. व्हिनेगरचा ब्रश फिरताच खार फसफसला, मग साध्या पाण्याची धार, मग ड्रायर. ड्रायर आत्याने धरला, एकाच जागी, रागाने. धाकटीने काळं सॉकेट उपसून नवं बसवलं, ट्रान्झिस्टर बदलला, खाल्लेल्या रेघांवरून केसासारख्या तारा नेऊन दोन्ही टोकांना कथलाचे डाग दिले. प्रत्येक डागानंतर मीटर पिप् म्हणायचा आणि थोरला मान डोलवायचा, जणू वर्गात हजेरी चालली आहे. टॉर्च त्याने कधी हातात घेतला ते त्यालाही आठवलं नसतं.

"आणि आकडा?" त्याने विचारलं. "बॅटरीशिवाय?"

"ही चिप वेगळी आहे. हिला बॅटरी लागत नाही. वीज काढली तरी लक्षात ठेवते. दोन वर्षं माझ्या पेटीत पडून आहे, आप्पा हो म्हणतील म्हणून."

बोर्ड पेटीत चढला. जोडण्या बसल्या, काच परत बसली; रंग उडालेल्या पायांतून बोर्डाचा दिवा दिसत होता. धाकटीने कुणाकडेही न बघता बटण दाबलं. दिवा क्षणभर चमकला, विझला. मग लुकलुकला. पुन्हा. थोरला ओठांतल्या ओठांत मोजत होता. सातव्याला आतून खट् असा जाड आवाज आला, सपाट काचेखालचे सगळे दिवे लागले आणि गुडघ्यांपासून सुरू होणारी बाई मागून उजळली. समोर ओळीने शून्यं.

"भर, सूनबाई," आप्पा म्हणाले. "शेवटचं. आता कायमचं राहील."

वहिनीने किल्ली घेतली. दारापाशी वाकली, आणि तशीच थांबली.

"नको," ती म्हणाली. "खोटं कायमचं नको. रोजचं होतं तेव्हा चालत होतं."

"मग शून्यच नेणार?" आत्याला हे पटेना. "सरका. मी खेळते. आता कोण आडवं येतं बघू."

"तू नंतर," आप्पा म्हणाले. "सूनबाई, तू किती वेळा खेळलीस यावर?"

"मी? मी कुठे." वहिनीने हात पदराला पुसले. "यावर मी कापड बेतते."

मग सगळे बाजूला झाले, आणि यंत्रासमोर तिच्यापुरती जागा राहिली. धाकटीने हळूच एक डाव मोफत टाकून दिला. वहिनीने दांडा ओढला, सोडला. पहिला चेंडू सरळ मधून खाली गेला.

"डोळे उघडे ठेवून खेळायचं असतं," आत्या म्हणाली.

दुसरा थोडा फिरला. तिसऱ्याला मात्र तिच्या बोटांना काहीतरी समजलं. सुईखाली कापड नेमकं कधी वळवायचं हे जाणणारी बोटं ती. चेंडू उसळला, बंपरांमध्ये अडकून धडधडला, घंटा वाजत राहिल्या, आणि वहिनी नकळत चवड्यांवर उभी राहिली. आत्या "डावं, डावं, अगं डावं" म्हणत तिच्या खांद्यापर्यंत आली होती. भंगाराला दिलेलं मत तिने कधी मागे घेतलं, ते तिचं तिला माहीत.

चेंडू गेला. समोर एकसष्ट हजार चारशे वीस. यंत्राने सगळ्यात मोठ्या आकड्याच्या जागची शून्यं पुसली आणि तिथे हा लिहिला.

"अगदीच कमी," वहिनी म्हणाली.

"तुझ्या सासूचाही पहिला एवढाच होता," आप्पा म्हणाले. "आणि ऐक. मी आज तुझ्याकडे राहायला येतोय. याच्याकडे नाही."

"मी कुठे राहू मग?" थोरल्याने विचारलं.

"तूही ये."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. हमाल दारात आले. वहिनी सवयीने भिंतीपाशी गेली आणि प्लगवर हात ठेवून थांबली. रोज रात्री हा प्लग काढताना ती काय पुसतेय हे फक्त तिला माहीत असायचं.

"राहील ना, वन्सं?"

"राहील."

तिने प्लग ओढला. दिवे गेले. हमालांनी यंत्राच्या पायांना हात घातला.

"थांबा," थोरला म्हणाला. तो भिंतीपाशी आला, बायकोच्या हातातून प्लग घेतला, वाकला आणि पुन्हा लावला. लाल दिवा सात वेळा लुकलुकला. खट्.

एकसष्ट हजार चारशे वीस.

थोरला तो आकडा बराच वेळ वाचत राहिला. मग प्लग काढून त्याने वायर नीट गुंडाळली, आणि सूचनाफलकावरच्या त्या आवाजात हमालांना म्हणाला, "चालू आहे. सगळ्यात आधी हे चढवा."